दौलत मिस्त्रीची निळी पट्टी

दौलत मिस्त्री भिंतीवरून हात फिरवायचा तो डोळे मिटून. डोळे फसवतात, तळहात फसवत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन लाद्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतका उंचसखलपणा असला तरी त्याचा हात तिथे अडायचा, आणि मग खिशातला निळ्या चिकटपट्टीचा रोल बाहेर यायचा. टर्रकन एक तुकडा तोडायचा आणि खोट असेल तिथे चिकटवायचा. कामातल्या खोटीला दुबईत स्नॅग म्हणतात. काम संपलं की इन्स्पेक्टर येतो, स्नॅग दिसेल तिथे असली निळी पट्टी लावत जातो, आणि ज्याच्या भिंतीवर पट्ट्या जास्त त्याची इज्जत कमी. दौलतच्या भिंतीवर एकोणीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरला पट्टी लावायला जागा मिळाली नव्हती. तो येण्याआधीच दौलतने सगळ्या पट्ट्या लावून, दुरुस्त्या करून, काढूनही टाकलेल्या असत.

माणूस गुहागरकडचा, वय शेहेचाळीस, अंगाने काटक. अल कूझच्या कॅम्पात एका खोलीत सहा जण राहत, त्यात दौलतची चादर तेवढी चारही कोपऱ्यांना सारखी. दौलतभाई जेवायला बसला की चपाती गोल आहे का ते आधी बघतो, अशी थट्टा चालायची. ती थट्टा नव्हती, तो खरंच बघायचा.

साइटवर त्याचा एक नियम होता. फार वर्षांपूर्वी कुणीतरी चांगल्या संगमरवराच्या दोन पेट्या चुकून कचऱ्यात टाकल्या होत्या. तेव्हापासून टाकायच्या प्रत्येक वस्तूवर दौलत स्वतः खडूने फुली मारायचा. फुली नसेल तर सिमेंटची रिकामी गोणीसुद्धा स्किपमध्ये, म्हणजे त्या मोठ्या लोखंडी कचरापेटीत, पडायची नाही. त्याच्या हाताखाली काम करणारा पेशावरचा तय्यब या फुल्यांना इतका वैतागला होता, की एकदा त्याने स्वतःच्या फाटक्या बुटांवर फुली मारून घेतली आणि मग ते फेकले.

गावी सगुणाला मात्र नवऱ्याच्या या तळहाताचं काडीचं कौतुक नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तिने स्वयंपाकघरात लादी घालून घेतली. रंग तिने निवडला, काम तिच्या मामेभावाने, मिथुनने केलं, आणि आठ दिवस त्याला मासे रांधून घालत ती स्वतः उभी राहिली. दौलत सुट्टीवर आला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी अनवाणी त्या लादीवरून चालला आणि अकरा पट्ट्या लावून मोकळा झाला. वर म्हणाला, "पुढच्या सुट्टीत उखडून नवी घालतो." त्यानंतर दर सुट्टीत तेच वाक्य, आणि सुट्टी तर गणपती आणि लग्नकार्यं यांतच संपायची. लादी राहिली तशीच. फरक एवढाच पडला, की व्हिडिओ कॉलवर सगुणाचा चेहरा दिसायचा, मागचं फडताळ दिसायचं, छपराचा वासाही दिसायचा, पण खालची जमीन कधी दिसायची नाही. आठ वर्षं ती बाई फोन छातीच्या वर धरून बोलत होती, आणि दौलतच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तर यंदा असं झालं. अल बर्शाच्या पलीकडे एका मोठ्या व्हिलाच्या चौकात हिरव्या लाद्यांची भिंत करायची होती. लाद्या मोरोक्कोहून आल्या, मराकेशच्या एका कारखान्यातून. हाताने थापलेल्या, हाताने कापलेल्या, आठ हजार. दौलतने पहिली पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. एक लादी पोपटी, दुसरी शेवाळी. एक जाड, एक पातळ. कुणाचा कोपरा टवका गेलेला, कुणाच्या रंगाला सुईने टोचल्यासारखी भोकं.

"साहेब, हा काय माल आहे?" तो साइट इंजिनिअर सुजीतला म्हणाला. "शिकाऊ पोरांनी केल्यासारखा!"

सुजीत पुण्याचा, भला माणूस, पण चार साइट्सवर एकाच वेळी पळणारा. त्याचा दौलतच्या तळहातावर ड्रॉइंगपेक्षा जास्त भरवसा. तो म्हणाला, "दौलतराव, तुम्ही सॉर्टिंग करा. चांगलं तेवढं लावा, बाकी रिजेक्ट. मी क्लेम टाकतो." मालाबरोबर फ्रेंचमध्ये लिहिलेला एक कागदही आला होता. तो फाइलला लागला आणि कुणी वाचला नाही.

दौलतने बारा दिवस एकेक लादी हातात घेऊन पाहिली. एकतीसशे लाद्या रिजेक्ट केल्या, एकतीस पेट्या. उरलेल्यांची भिंत बांधली, मध्ये दोन-दोन मिलिमीटरच्या फटी सोडून, ओळंब्यात. घराच्या मालकीणबाई येऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या, "व्हेरी क्लीन," म्हणाल्या आणि गेल्या. दौलतची छाती फुगली. पण लाद्या संपल्या आणि भिंतीचा वरचा तिसरा हिस्सा उघडाच राहिला. मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न याच चौकात सहा आठवड्यांनी होतं.

मग कंपनीने ठरवलं, सुजीतने मराकेशला जायचं, कारखानदाराच्या हातात तक्रारीचं पत्र ठेवायचं आणि एकतीसशे लाद्या महिन्यात बदलून आणायच्या. बरोबर दौलतला न्यायचं, म्हणजे रंग तो पारखेल. पुरावा म्हणून रिजेक्टमधल्या बारा लाद्या डब्यात घ्यायच्या. आणि हे जमलं नाही तर? मॅनेजरने तेही सांगून टाकलं. "दौलत, सॉर्टिंग तू केलंस. भिंत अडली तर क्लायंटला कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. मग व्हिसा कॅन्सल, खलास." दौलत हसला होता. माल खराब होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

निघायच्या दिवशी गडबड उडाली. गाडीत बसता बसता दौलत तय्यबला ओरडून म्हणाला, "वो इकतीस पेटी शुक्रवार के स्किप में डाल देना, जगह खाली करो!" शुक्रवारी दुपारी चारला ट्रक येऊन स्किप उचलून नेई.

सुजीतची बायको वैभवी आणि नऊ वर्षांची शुभ्रा याही बरोबर निघाल्या. शाळेला सुट्टी होती, आणि वैभवीचं म्हणणं असं, की सहा वर्षं दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत राहून तिने गार्डन असं पाहिलंच नव्हतं, निदान मोरोक्कोत तरी दाखवा. गुरुवारी रात्री मराकेश गाठलं. तिथे कळलं की शुक्रवारी कारखाना बंद, मालक शनिवारी सकाळी भेटेल.

"मग उद्या साइटसीइंग!" वैभवीने यादीच बाहेर काढली. "दौलतभाऊ, तुम्हीपण यायचं. हॉटेलच्या खोलीत बसून काय भिंती तपासणार?"

दौलत तेच करणार होता. पण वहिनींपुढे काय बोलणार? इस्त्रीचा शर्ट घालून, बारा लाद्यांचा डबा पिशवीत घेऊन तो निघाला. डबा खोलीत ठेवायला त्याचा जीव धजला नाही, पुरावा होता ना.

सकाळी पहिला टप्पा बाहिया राजवाडा. चौकातून चौकात जायचं, मध्ये संत्र्याची झाडं, वर रंगवलेल्या लाकडाची छतं. वैभवी मान वर करकरून फोटो काढत होती. दौलतची मान मात्र खाली. बाकीच्यांना राजवाडा दिसत होता, त्याला फरशी दिसत होती.

आणि फरशी दिसली तसा तो थबकला. पांढरी, हिरवी, निळी, मधासारखी पिवळी, बोटभर लांबीच्या तुकड्यांची ती नक्षी. हिरव्याला धरून बघावं तर एक तुकडा पोपटी, दुसरा शेवाळी. कोपरे टवके गेलेले. रंगाला सुईची भोकं. तो भिंतीपाशी गेला. भिंतीवरही तेच. लाद्यांमध्ये फट म्हणून नाही, एकमेकींना खेटून बसलेल्या, आणि एक जराशी पुढे, एक जराशी मागे. उन्हाची तिरीप आली तशी ती भिंत तळ्यातल्या पाण्यासारखी हलली.

"काका!" शुभ्रा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. बापाच्या साइटवर ती दोनदा येऊन गेली होती, तिला सगळं ठाऊक. "दिस वॉल इज ऑल स्नॅग्ज! व्हेअर इज युअर टेप?"

दौलतने खिशात हात घातला. रोल होता. पण हात बाहेर येईना.

शंभर-सव्वाशे वर्षं उभी असलेली भिंत, साता समुद्रापलीकडून माणसं तिला बघायला येतात, आणि ती त्याच्या एकतीस पेट्यांनी बांधली होती. म्हणजे तसल्याच मालाने. त्याने पिशवीतला डबा थोडा उघडला, एक लादी काढून गुपचूप त्या भिंतीशेजारी धरली. सख्खी बहीण शोभली असती. कारखानदाराने चूक केलेली नव्हती. त्याने अशीच लादी करून पाठवली होती, जशी त्याच्या बापाने, आज्याने केली तशी. आणि आपण त्यांतल्या सगळ्या जिवंत लाद्या वेचून बाजूला काढल्या, उरलेल्यांची भिंत केली. व्हेरी क्लीन. मालकीणबाई काय म्हणाल्या होत्या ते दौलतला आत्ता ऐकू आलं.

मग त्याला स्किप आठवली. घड्याळ पाहिलं. इथे अकरा, म्हणजे दुबईत दोन. दोन तासांत ट्रक येणार आणि एकतीस पेट्या वाळवंटातल्या उकिरड्यावर जाणार.

त्याच्या सिमवर रोमिंग नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून दुबईत फोन लागत नाही, हे तिथे राहणाऱ्या पोरासोरांनाही माहीत असतं, आणि घरच्या व्हिडिओ कॉलचं वेगळं परवानगीचं अ‍ॅप कॅम्पातल्या वायफायवरच चालायचं. "वहिनी, जरा हॉटस्पॉट द्याल? घरी मेसेज करायचाय," असं खोटंच सांगून त्याने तय्यबला निरोप बोलून पाठवला: "पेटी मत फेंकना, भाई, बिलकुल मत फेंकना." एकच खूण उमटली. पैसे वाचवायला तय्यब कामावर डेटा बंद ठेवायचा, आणि शुक्रवारच्या नमाजानंतर तो तासभर आडवा व्हायचा. एका खुणेच्या दोन होईनात.

सुजीतच्या फोनला रोमिंग होतं. सरळ मागायचा. पण मागायचा म्हणजे सांगायचं. सांगायचं म्हणजे एकोणीस वर्षांचं नाव या राजवाड्यात पुरून परत जायचं, आणि कदाचित कायमचंच परत जायचं. दौलतने फोन मागितला नाही. मोठा धीराचा माणूस, पण त्या तासाभरात त्याच्यासारखा भित्रा मराकेशात दुसरा नसेल.

दुसरा टप्पा मजोरेल बाग. बांबूची गर्द राई, निवडुंगाचे पुरुषभर उंच खांब, कमळांचं तळं, आणि मधोमध एक घर, नखशिखांत निळं. कसलं निळं म्हणावं? थेट त्याच्या चिकटपट्टीचं! भिंती निळ्या, कुंड्या निळ्या, पायऱ्या निळ्या. सगळे लोक त्या रंगापुढे उभे राहून फोटो काढत होते, आणि दौलतला वाटत होतं, कुणीतरी अख्ख्या बागेला पट्टी लावून ठेवलीय आणि सगळ्या पट्ट्या आपल्याच नावाच्या आहेत. तो तळ्याकाठच्या बाकावर मटकन बसला.

"दौलतराव, बरं वाटत नाही का?" सुजीतने विचारलं.

"साहेब, माल खराब नव्हता."

"काय?"

"मघा राजवाड्यात बघितलंत ना? तसलाच माल होता तो. तसाच असतो. मीच येडा. चांगला माल मी रिजेक्ट केला, आणि येताना तय्यबला सांगितलं की फेकून दे." त्याने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "आज चारला स्किप उचलतील. तुम्ही फोन लावा. मला कॅन्सल करायचं असेल तर करा, पण आधी फोन लावा."

सुजीतने फोन काढला, लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. साइटवरच्या वॉचमनला लावला, त्याचा स्विच ऑफ. आता दुबईत सव्वातीन झाले होते. सुजीत त्याच बाकावर शेजारी बसला. ओरडेल, असं दौलतला वाटलं होतं. तो ओरडला नाही.

"रिजेक्शन रिपोर्टवर सही माझी आहे," तो म्हणाला. "आणि तो फ्रेंच कागद ट्रान्सलेट करणं पण माझंच काम होतं. उद्या त्या कारखानदाराच्या तोंडावर आपण पत्र फेकणार होतो हो. चोराच्या उलट्या बोंबा!"

"तुम्ही नका घेऊ अंगावर साहेब."

"अंगावर घेत नाहीये. आहेच ते माझ्या अंगावर."

वैभवी आईसक्रीम घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून थांबली. "काय झालं? कुणी गेलं का?" ऐकल्यावर ती म्हणाली, "अहो, मग फोन लावत राहा ना! बसलात काय?" म्हणून सुजीत लावत राहिला. तळ्यात कासवं होती, शुभ्रा ती मोजत होती. दौलत घड्याळ बघत होता. एक वाजला, म्हणजे तिथे चार. दौलतने गावच्या व्याघ्रांबरीला नवस बोलला आणि लगेच त्याला शरम वाटली, की देवी काय स्किप अडवणार आहे?

एक वाजून वीस मिनिटांनी फोन आला. सुजीतने स्पीकर लावला.

"सर, तय्यब. आपके बहुत मिस कॉल."

"तय्यब, स्किप गया क्या?"

"जी सर, अभी गया. दस मिनट हुआ."

दौलतने डोळे मिटले.

"और वो इकतीस पेटी?" सुजीतने विचारलं.

"वो तो पडी हैं सर."

"क्या?"

"सर, मैं क्या करूँ?" तय्यबचा आवाज चढला. त्याला वाटलं आता बोलणी बसणार. "उस्ताद मुँह से बोल के गया, मगर पेटी पे निशान नहीं किया! एक पे भी नहीं! निशान के बिना मैं फेंकूँ, कल वापस आ के मेरी ही जान खाएगा. मैंने हाथ नहीं लगाया. आप उस्ताद को बोलो, मेरी गलती नहीं है."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते दौलतला त्या बाकावर कळलं. तो हसायला लागला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही एकदमच. सुजीतने फोनमध्येच ओरडून तय्यबला "हबीबी!" म्हटलं, तीनदा म्हटलं, आणि तय्यब घाबरून "सर, आप ठीक हैं?" विचारू लागला. वैभवीने ते विरघळलेलं आईसक्रीम दौलतच्या हातात दिलं. त्याने ते तिथेच बसून चाटूनपुसून खाल्लं. मग उठून सबंध बाग फिरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने झाडं पाहिली, त्यांच्या आळ्यांच्या विटा सरळ आहेत का ते न बघता. म्हणजे एकदा बघितलं, पण बोलला नाही.

शनिवारी कारखान्यात पत्र निघालंच नाही. म्हाताऱ्या मालकाने बारा लाद्यांचा डबा उघडला, त्यातली सर्वांत टवका गेलेली, शेवाळी लादी उचलली, शर्टाला पुसली आणि उन्हात तिरकी धरून दाखवली. भाषा कळत नव्हती. दौलतला तिची गरजही पडली नाही. मालकाने दोन लाद्या फट न ठेवता खेटून मांडल्या आणि दौलतचा हात धरून त्यांच्यावरून फिरवला. हात अडला. मालक हसला आणि मान डोलावली, बरोबर आहे, अडायलाच हवा.

परत आल्यावर दौलतने स्वतःच्या भिंतीच्या सगळ्या लाद्या स्वतः काढल्या आणि सगळा माल एकत्र मिसळून, फट न ठेवता भिंत पुन्हा बांधली. काम लग्नाच्या नऊ दिवस आधी संपलं. इन्स्पेक्टर आला, रोल काढला, आणि पहिली पट्टी तोडली. दौलत म्हणाला, "सर, इसको हाथ मत लगाओ, ये ऐसाच होता है." एकोणीस वर्षांत त्याने इन्स्पेक्टरला उलट बोलायची ही पहिलीच वेळ. सुजीतने फ्रेंच कागदाचा तर्जुमा पुढे केला: लाद्या हाताच्या, रंग-जाडी सारखी नसणारच, सगळ्या मिसळून खेटून लावाव्यात. इन्स्पेक्टरने तो दोनदा वाचला आणि पट्टी गुंडाळून खिशात टाकली. मालकीणबाई संध्याकाळी आल्या. या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तिथेच उभ्या होत्या, मग फोन काढून मुलीला बोलावून घेतलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर कॅम्पातून दौलतने घरी व्हिडिओ कॉल केला. सगुणाचा चेहरा, मागे फडताळ. रजा मंजूर झाल्याचं सांगितलं, पंधरा तारखेचं तिकीट. मग म्हणाला, "फोन जरा खाली कर."

"कशाला?"

"लादी बघायचीय."

"आता आणि काय काढायचंय तिच्यात?" सगुणा म्हणाली. "आठ वर्षं चालतेय मी तिच्यावर. कोणी पडलं नाही अजून."

"काही काढत नाही. नुसती बघायचीय. चांगली घातलीय मिथुनने. मलाच बघता येत नव्हती."

मग फोन हळूहळू खाली झुकला. लाल लादी, चुलीपाशी जरा काळवंडलेली, मधोमध चालून चालून गुळगुळीत झालेली. सरळ नव्हतीच ती. आणि उंबऱ्याशेजारी, एका कोपऱ्यावर, विटलेला एक निळा तुकडा.

"अजून आहे ती?" दौलतने विचारलं. "दहा काढल्यास, मग ती एक का ठेवलीस?"

"दहा मी काढल्या," सगुणा म्हणाली. "ती एक ठेवली, लावणाऱ्यानेच काढावी म्हणून. तुम्हीच येऊन काढा."

"काढतो," दौलत म्हणाला. "आल्या आल्या काढतो. पाणी नंतर पितो."